समुद्र साखऱ्यातही आहे, लेकरांना तो तसाच शिकवा



आज पिकाचं नाही, शाळेचं लिहितोय. पण शेवटी ते वावरातच येतं, म्हणून वाचा.

आठवीच्या भूगोलात ‘सागरी प्रवाह’ नावाचा धडा आहे. त्यात काय शिकलास, असं घरातल्या लेकराला विचारून बघा. गल्फ स्ट्रीम उष्ण, लॅब्राडोर शीत, कुरोशिओ उष्ण, हम्बोल्ट शीत. नकाशात लाल बाण, निळे बाण. पाठ केलं, पेपरात लिहिलं, विसरलं. आणि वरून लेकरू म्हणतं, आपण समुद्र पाहिलेला नाही, आपल्याला काय करायचंय त्याचं?

त्याचंही खरंच आहे. साखऱ्यापासून अरबी समुद्र सरळ रेषेत चारशे किलोमीटरच्या वर. पण माझं मत उलटं आहे. कोकणातल्या लेकरापेक्षा हा धडा आपल्या लेकराला जास्त लागतो. कोकणात पाऊस थोडा कमी झाला तरी भात उभा राहतो. आपल्याकडं आठशे-नऊशे मिलिमीटरचा हिशेब, त्यात ऑगस्टमध्ये सोयाबीन फुला-शेंगात असताना तीन आठवडे उघडीप पडली की वर्ष गेलं.

2023 चा ऑगस्ट आठवा. देशात त्या महिन्यात सरासरीपेक्षा 36 टक्के पाऊस कमी पडला. 1901 पासूनच्या नोंदीतला तो सगळ्यात कोरडा ऑगस्ट. पॅसिफिक महासागरात तेव्हा अल निनो होता.

आता हा अल निनो म्हणजे काय? चावडीवर विचारा, दहा जण दहा गोष्टी सांगतील. कुणी वादळ म्हणेल, कुणी वारा. मुळात ते एका सागरी प्रवाहाचं नाव आहे. दक्षिण अमेरिकेत पेरूच्या किनाऱ्यावर एरवी थंड पाणी असतं. नाताळाच्या सुमारास तिथं कोमट पाण्याचा प्रवाह यायचा, त्याला तिथल्या कोळ्यांनी बाळ येशूचं नाव दिलं. एल निन्यो, म्हणजे बाळ.

त्यामागचं गणित अवघड नाही. विषुववृत्तावर पॅसिफिकमध्ये वारा पूर्वेकडून पश्चिमेकडं वाहतो. तो वरचं तापलेलं पाणी इंडोनेशियाकडं ढकलत नेतो. इतकं, की तिकडं समुद्राची पातळी पेरूपेक्षा साधारण अर्धा मीटर वर असते. इकडं पेरूला वरचं पाणी गेलं, म्हणून खालचं थंड पाणी वर येतं. वारा मंदावला की ढकललेलं पाणी माघारी सरकतं. गरम पाणी सरकलं की ढग सरकतात, आणि आपल्या मान्सूनचा जोर बऱ्याचदा कमी होतो.

म्हाताऱ्या माणसांना 1972 चा दुष्काळ विचारा. लाल मिलो, सुकडी, रोजगार हमीची खडी फोडायची कामं. तेही अल निनोचं वर्ष. त्याच वर्षी पेरूच्या समुद्रात अँकोव्ही नावाच्या बारीक माशाचा धंदा बसला. आधीच उपसा जास्त झाला होता, त्यात पाणी तापलं. त्या माशाची भुकटी कोंबड्यांच्या खाद्यात जायची. ती मिळेना, म्हणून जग सोयापेंडीकडं धावलं, भाव भडकले, आणि 1973 च्या जूनमध्ये अमेरिकेनं सोयाबीनची निर्यातच काही काळ बंद केली. घाबरलेल्या जपाननं पुढं ब्राझीलमध्ये सोयाबीन वाढवायला पैसा घातला. आज हिंगोलीच्या मोंढ्यात आपण सोयाबीनचा भाव विचारतो, तेव्हा व्यापारी ब्राझीलच्या पिकाचं नाव घेतो. त्या गोष्टीत पेरूचं कोमट पाणीही आहे. हे ऐकल्यावर कोणतं लेकरू म्हणेल की हम्बोल्ट प्रवाहाशी आपला संबंध नाही?

आता शिकवायचं कसं? आपल्या गुरुजी-बाईंना दोष देत नाही. अभ्यासक्रम उरकायचा, शिवाय शंभर कामं अंगावर. पण दोन तास आणि वीस-तीस रुपये, एवढ्यात हा धडा डोळ्यांनी दिसतो.

पहिला प्रयोग. काचेचे दोन ग्लास. एकात साधं पाणी, दुसऱ्यात तेवढंच पाणी आणि चार-पाच चमचे मीठ विरघळवून. दोन्हींत रंगीत बर्फाचा सारखाच खडा टाका. (रंगाला हळद घेऊ नका. हळद पाण्यात विरघळत नाही, तळाला बसते. शाई चालेल.) आधी लेकरांना विचारा, कोणता खडा आधी विरघळणार? बहुतेक जण मिठाचा म्हणतील. विरघळतो साध्या पाण्यातला. कारण तिथं वितळलेलं थंड पाणी खाली बसतं आणि कोमट पाणी वर येऊन बर्फाला भिडतं. मिठाच्या पाण्यात वितळलेलं गोडं पाणी हलकं पडतं, झाकणासारखं वरच राहतं. रंगामुळं हे सगळं स्पष्ट दिसतं. पाणी जड कशानं होतं, गारव्यानं आणि मिठानं, हे यातून एकदाच कळतं आणि कायमचं राहतं.

दुसरा प्रयोग. लांबट पारदर्शक डबा. खाली निळं केलेलं मिठाचं थंड पाणी, त्यावर पळीनं अलगद साधं पाणी. एका टोकाकडून टेबल फॅन लावा. वरचं पाणी पलीकडं सरकतं आणि फॅनच्या बाजूला खालचं निळं वर चढतं. हा झाला पेरूचा किनारा. फॅन बंद करा. वरचं पाणी माघारी येतं. हा झाला अल निनो. फॅन उलट्या टोकाला लावला तर प्रवाह उलटा होतो. आपल्या अरबी समुद्रात हेच घडतं. उन्हाळी मान्सूनमध्ये सोमालियाचा प्रवाह उत्तरेकडं वाहतो, हिवाळ्यात दक्षिणेकडं. वारा फिरला की पाणी फिरतं.

मग लेकरांना नकाशा द्या आणि आपल्या कयाधूच्या पाण्यावर बोट ठेवायला सांगा. कयाधू पैनगंगेला, पैनगंगा वर्धेला, पुढं प्राणहिता, मग गोदावरी, मग बंगालचा उपसागर. तिथं सगळ्या नद्यांचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर झाकणासारखं पसरतं. त्या ग्लासातलं झाकण, तेच हे. त्यामुळं उपसागराचा वरचा थर तापलेला राहतो आणि कमी दाबाचे पट्टे तयार व्हायला मदत होते. ‘बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा’ हे शब्द ऐकून आपण फवारणी थांबवतो, ते हेच. पावसाळा सरला की तेच हलकं पाणी पूर्व किनाऱ्यानं खाली उतरतं, श्रीलंकेला वळसा घालून लक्षद्वीपकडं जातं. मान्सून यायच्या आधी तिथला समुद्र जो खूप तापतो, त्याला या पाण्याचाही हातभार असतो. आपल्या शिवारातलं पाणी एवढा फेरा मारतं.

काही जण म्हणतील, शेतकऱ्याला अंदाज मिळाला की पुरे, कारण कशाला हवं? इथंच माझं भांडण आहे. अंदाज शक्यतेच्या भाषेत येतो. कारण माहीत नसलं की माणूस तो भविष्यासारखा ऐकतो. ‘अल निनो आला, दुष्काळ पक्का’ असा मेसेज फिरला की कुणी बियाणं घेऊनही पेरत नाही, कुणी घाबरून मृगाच्या पहिल्या सरीवरच पेरून मोकळा होतो. 1997 ला पॅसिफिकमध्ये जबरदस्त अल निनो होता, तरी देशाचा पाऊस सरासरीइतका झाला. कारण हिंदी महासागराची आफ्रिकेकडची बाजू तापली होती, सुमात्राकडची गार. याला ‘इंडियन ओशन डायपोल’ म्हणतात. शास्त्रज्ञांनी तो 1999 साली जगापुढं मांडला, आपला हिंगोली जिल्हा झाला त्याच वर्षी. आणि देशाची सरासरी म्हणजे आपलं वावर नव्हे, हेही त्यासोबतच शिकवायचं.

हे कळलेलं पोरगं उद्या बापाला सांगेल, ‘बाबा, अल निनो म्हणजे धोका वाढला, नक्की काही नाही. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, सोयाबीनमध्ये तुरीची ओळ ठेवा, पाणी मुरायला सरी काढा.’

आणि ज्याला पुढं शिकायचंय त्यालाही वाट आहे. देशातली समुद्राची माहिती देणारी मोठी संस्था, इन्कॉइस, हैदराबादला आहे. तिथं कुठं समुद्र आहे? पाण्यात दोन किलोमीटर खोल बुडी मारून दहा दिवसांनी वर येणारी यंत्रं समुद्रात सोडलेली असतात, ती उपग्रहामार्फत तापमान आणि खारेपणा कळवतात. ती आकडेवारी वाचणारा माणूस सेनगाव तालुक्यातला का नसावा?

तर गुरुजी, बाई, यंदा हा धडा आला की आधी बर्फ मागवा, नावं नंतर पाठ करून घ्या. आणि पालकांनो, मीठ, शाई, डबा शाळेत पोहोचवणं आपलं काम. ज्यांच्याकडं प्रयोग झाला त्यांनी खाली फोटो टाका, बर्फाच्या पैजेत किती लेकरं हरली तेही लिहा.

साखरा, ता. सेनगाव, जि. हिंगोली