‘शॉर्टसर्किट’ लिहिले की फाईल बंद!



फाल्गुन लागला की आपल्या जिल्ह्यात दोन गोष्टी हमखास होतात. वसुलीच्या नोटिसा येतात आणि गंज्या पेटतात. नोटिशीवर निदान सही कोणाची ते कळते. गंजी कोणी पेटवली ते मात्र कधीच कळत नाही. दुसऱ्या दिवशी तलाठी येतो (आता त्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे, पाटी बदलली, पंचनाम्याचा नमुना तोच), राखेभोवती एक चक्कर मारतो आणि कारणाच्या रकान्यात एक शब्द लिहितो : शॉर्टसर्किट. पंच अंगठे देतात. झाली चौकशी!

सिंदी मेघेत आमच्यातल्या एकाच्या कोठ्याशेजारची कुटाराची गंजी अशीच गेली. दुपारची वेळ, वारा सुटलेला, वरून लाईन गेलेली. गंजी गेली, कोठ्याचे छप्पर गेले, एक गाय भाजली. संध्याकाळच्या आत लाईनमन आला, झोल पडलेली तार ताणली, तुटका तुकडा गोळा करून घेऊन गेला. पंचनामा झाला तो दुसऱ्या दिवशी. म्हणजे पंचांनी पाहिली ती दुरुस्त झालेली लाईन! खून झालेल्या घरात पोलिसांच्या आधी झाडूवाल्याने जाऊन फरशी धुवावी, तसा हा प्रकार. लाईनमनचा काही दोष नाही. गावाची लाईन बंद ठेवता येत नाही, त्याने त्याचे काम केले. पण पुरावा गेला तो गेलाच.

आमचा सवाल साधा आहे. शॉर्टसर्किट हे आगीचे कारण आहे काय? दोन तारा भेटू नयेत तिथे भेटल्या, एवढाच त्याचा अर्थ. का भेटल्या? खांब कलला होता? दोन खांबांमधले अंतर जास्त होते? तार झोल खाऊन लोंबत होती आणि ती लोंबते असे कोणी सांगितलेही होते? पुढचा सवाल त्याहून मोठा. तारा भेटल्या तर फ्यूज का उडाला नाही? फ्यूजचा जन्मच त्यासाठी. तारा भेटल्या की क्षणात त्याने वितळावे आणि लाईन मरावी. लाईन मेली नाही, ठिणग्या पडत राहिल्या, याचा अर्थ डीपीच्या पेटीत फ्यूज नव्हताच, त्याच्या जागी जाड तार गुंडाळलेली होती. अमुक माणसाने अमुक दिवशी ती गुंडाळली, हे आगीचे कारण. ‘शॉर्टसर्किट’ हे त्या माणसाला, त्याच्या साहेबाला आणि त्या साहेबाच्या साहेबाला झाकायचे पांघरूण आहे.

इथे आम्हाला आमच्याही पदराखालचे काढून दाखवले पाहिजे. ती जाड तार पुष्कळदा आम्हीच गुंडाळलेली असते. रात्रीच्या पाळीची लाईन, हरभऱ्याला पाणी द्यायचे, फ्यूज उडतो, लाईनमनकडे पाच-सात गावे, तो कुठे कुठे पुरणार? मग गावातला एखादा धीट पोरगा लाकडाने दांडी पाडतो, तार गुंडाळतो आणि मोटार सुरू होते. त्या रात्री ओलित होते. मार्चमध्ये तीच तार कोणाचा तरी गहू खाते. हे लपवून आंदोलन करता येणार नाही. पण हेही विचारले पाहिजे की जीव मुठीत धरून डीपी उघडायची पाळी शेतकऱ्यावर का येते? पुण्या-मुंबईच्या फ्लॅटवाल्याने रात्री दोन वाजता डीपीत हात घातल्याचे कोणी ऐकले आहे काय?

आता कायदा काय म्हणतो ते ऐका. विजेचा कायदा २००३ चा. त्याचे कलम १६१ अपघाताबद्दल आहे. विजेच्या तारेमुळे माणूस किंवा जनावर मेले अथवा जखमी झाले, तर विद्युत निरीक्षकाला कळवणे बंधनकारक आहे. नियमांनुसार २४ तासांच्या आत पहिली खबर गेली पाहिजे. ठीक. पण वावरातला गहू जळाला तर? घरातला कापूस जळाला तर? तुरीची गंजी, ठिबकच्या नळ्या, संत्र्याची झाडे जळाली तर? कलमात त्यांना जागा नाही. माणूस आणि जनावर, बस्स. वर्षभराची कमाई राख झाली तर या कलमाच्या लेखी अपघातच झाला नाही! वरच्या प्रकरणात गाय भाजली म्हणून तरी निरीक्षकाकडे जायला वाट होती. तीही आम्हाला ठाऊक नव्हती आणि आम्हाला कोणी सांगितली नाही.

मग विमा आहे ना? साहेब लोक हेच म्हणतात. पंतप्रधान पीक विम्याच्या २०१८ च्या सुधारित नियमांत स्थानिक आपत्तीच्या यादीत आग होती. पण कोणती आग? आकाशातून वीज पडून लागलेली नैसर्गिक आग. म्हणजे वरून इंद्राने टाकलेली वीज चालते, खांबावरून सरकारने सोडलेली वीज चालत नाही! पीक तेच, राख तीच, कर्ज तेच. आणि २०२५ च्या खरिपापासून आपल्या राज्याने विम्यातले हे जास्तीचे निकषच काढून टाकले. आता भरपाई पीक कापणीच्या प्रयोगावर, मंडळाच्या सरासरीवर. एकाचे वावर जळाले म्हणून मंडळाची सरासरी पडते काय? पंचनाम्यात ‘शॉर्टसर्किट’ आले की महसूलवाले वीज कंपनीकडे बोट दाखवतात, वीज कंपनी निरीक्षकाकडे, निरीक्षक विचारतो जनावर मेले का. शेतकरी मधल्या मध्ये चेंडू.

एक दार मात्र उघडे आहे, ते सगळ्यांनी ध्यानात ठेवावे. मध्य प्रदेशात पावसाळी रात्री सायकलवरून घरी चाललेला एक माणूस रस्त्यावर पडलेल्या जिवंत तारेने मेला. वीज मंडळ म्हणाले, आमची चूक नाही, दुसऱ्याच कोणी चोरून वीज घेतली होती. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली, शैलकुमारी प्रकरणात, निकाल दिला की धोक्याचा माल वाहून नेणारा जो आहे त्याचीच जबाबदारी, मग निष्काळजीपणा सिद्ध होवो न होवो. तो निकाल माणसाच्या मृत्यूचा होता. पण धोक्याचा माल तोच आणि तारही तीच, तर जळालेल्या वावरासाठी हा युक्तिवाद का करू नये? वकील मंडळींनी यावर डोके लावावे. नुसती सभेत भाषणे नकोत.

चौकशी कशी होते ते पाहायचे तर पुलगाव फार दूर नाही. ३० मे २०१६ ची रात्र उलटून ३१ उजाडण्याआधी तिथल्या केंद्रीय दारूगोळा भांडारात आग लागली आणि स्फोट झाला. पहिल्या दिवशी मृतांचा आकडा १६ होता, पुढे तो १९ वर गेला. त्यात लष्कराचे दोन अधिकारी होते. बहुतेक गेले ते आग विझवायला धावलेले. आगरगावसारखी शेजारची गावे अंगावरच्या कपड्यांनिशी रात्रीच बाहेर पडली. लष्कराने चौकशी बसवली. रणगाडाविरोधी सुरुंगांमधून स्फोटक द्रव्य झिरपत होते, तिथवर माग गेल्याचे पुढे वृत्तपत्रांतून आले. म्हणजे बघा, मनात आणले तर सरकारला ‘शॉर्टसर्किट’च्या पलीकडे जाता येते. कोठी कोणती, माल कोणता, माल बनवताना काय चुकले, सगळे विचारता येते. २०१७ साली महालेखापरीक्षकांनीही दारूगोळ्याच्या कोठारांत आग विझवणाऱ्या माणसांचा तुटवडा आहे, यावर बोट ठेवले.

आणि तरी काय झाले? २० नोव्हेंबर २०१८ रोजी त्याच पुलगावजवळ, सोनेगाव (आबाजी)च्या बाजूला, निकामी दारूगोळा नष्ट करायच्या मैदानावर पुन्हा स्फोट झाला. सहा जण मेले. मेलेल्यांत पेट्या उतरवायला लावलेले आपल्या खेड्यातले मजूर होते. कारण माहीत असून भागत नाही. ज्याच्या डोक्यावर पेटी द्यायची त्याला पेटीत काय आहे ते सांगावे लागते. फायलीतले शहाणपण मजुराच्या डोक्यापर्यंत पोचतच नाही.

भंडाऱ्याचे तर बोलवत नाही. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागली. सतरा बालके होती, सात वाचली, दहा गेली. ती कोणाची लेकरे होती? मोलमजुरी करणाऱ्यांची, खेड्यातली. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधाचा कायदा २००६ चा, अंमल २००८ पासून. बारा वर्षांत जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात तो पोचला नाही. आग लागल्यावर समिती आली, निलंबने झाली. निलंबन म्हणजे चौकशी नव्हे, हे आमचे स्पष्ट मत. एक साहेब घरी बसतो, दुसरा त्याच खुर्चीत येतो, भिंतीतली वायर तीच राहते.

आता आमच्या गावाकडे या. सिंदी मेघे वर्ध्याला खेटून आहे. २०११ च्या जनगणनेने तिला नगर म्हणून मोजले, कारभार मात्र ग्रामपंचायतीचा. वावरांचे ले-आउट पडले, प्लॉट विकले, घरे उभी राहिली. लाईन होती तिथेच राहिली. उघडी ११ केव्हीची तार जमिनीपासून ४.६ मीटर, म्हणजे १५ फुटांवर हवी, हे १९५६ च्या नियमांपासून चालत आलेले अंतर. रिकाम्या वावरात ते ठीक. कापसाने भरलेल्या बंडीवर माणूस उभा राहिला की काय उरते ते ज्याने बंडी भरली त्याला विचारा. आणि घराच्या गच्चीवर लोखंडी सळई वर काढून ठेवणाऱ्यालाही विचारा.

आग लागली तर बंब कोठून? घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने १९९२ साली बारावी अनुसूची आली. नगरपालिकांची १८ कामे तिच्यात लिहिली आहेत. सातव्या क्रमांकावर अग्निशमन सेवा. त्याच वर्षी ७३ व्या दुरुस्तीने पंचायतींसाठी अकरावी अनुसूची आली, तिच्यात २९ कामे. शेती आहे, मत्स्यव्यवसाय आहे, वाचनालय आहे, जत्रा-बाजार आहे. अग्निशमन नाही! इंडियाच्या यादीत बंब, भारताच्या यादीत जत्रा. ज्यांची घरे कुडाची, छपरे पऱ्हाटी-तुराटीची आणि घराशेजारी कडब्याची गंजी, त्यांना आगीची गरज नाही असे दिल्लीत ठरले. पंचायतीने आग विझवायला मदत करावी असे कुठे लिहिले असेलही, पण घागरीने मदत करायची की कशाने, पैसा कोण देणार? राज्यांच्या अग्निशमन सेवेसाठी केंद्राने २०२३ साली ५,००० कोटींची योजना काढली. त्यातला किती पैसा नगरपालिकेच्या हद्दीबाहेर, कारंजा-आष्टीच्या खेड्यांपर्यंत आला, हे जिल्हाधिकाऱ्यांनी जिल्हा बैठकीत येऊन सांगावे.

(जाता जाता : फोन लागला तर नुसते ‘सिंदीत आग’ म्हणू नका. जिल्ह्यात सिंदी रेल्वे आहे, तिथे नगर परिषद आहे. गाडी तिकडे निघाली की संपलेच. ‘मेघे’ म्हणा, वॉर्ड सांगा, गाडी वळायला जागा आहे तो रस्ता सांगा.)

कापसाचे वेगळे बोलले पाहिजे, कारण आपला जिल्हा कापसाचा. २०२१-२२ ला कापूस क्विंटलला दहा हजारांवर गेला, पुढच्या हंगामात उतरला. भाव येईल म्हणून शेतकऱ्याने कापूस घरात ठेवला, महिने न् महिने. माणसे ओसरीत, कापूस माजघरात, वर पिवळा बल्ब, कोपऱ्यात मोबाईलचा चार्जर. भाव नाही म्हणून कापूस घरात, आणि कापूस घरात म्हणून घर आगीच्या तोंडात. या आगीचे कारण पंचनाम्यात लिहायचे तर ‘बाजारभाव’ असे लिहावे लागेल! कापसाची आग लबाड असते. वरून विझलेली दिसते, आत धुमसत राहते, दाबलेल्या ढिगाऱ्यात पाणी शिरत नाही. विझली म्हणून झोपू नका. ढीग फोडून, पसरून, उघड्यावर नेऊन भिजवा आणि दोन दिवस राखण ठेवा. जिनिंगमध्ये कापसाबरोबर गेलेला एखादा खिळा, दगड पुरतो ठिणगीला. बंडीत पडलेला बोल्ट वेचायला पाच मिनिटे लागतात.

आणि धुरे जाळणे बंद करा. उन्हाळवाही आधी धुरा पेटवून द्यायचा, वारा फिरला की शेजाऱ्याची संत्रा बाग जायची, मग ठाण्यात भाऊबंदकी. वीज कंपनीला जाब विचारायचा तर आपली काडीपेटी खिशात राहिली पाहिजे. पऱ्हाटी कुजवा, नाहीतर पहाटे वारा पडलेला असताना, पाणी जवळ ठेवून, शेजाऱ्याला सांगून जाळा.

आग लागलीच तर जीव वाचवा, जनावरे सोडा, १०१ किंवा ११२ ला कळवा. विझल्यावर लगेच रडत बसू नका, पुरावा धरा. पडलेल्या तारेला लाईन मेल्याची खात्री झाल्याशिवाय हात लावायचा नाही. पण तिचा फोटो आधी काढा. तारेच्या टोकाला वितळून मणी झालेला असतो, तो फोटोत यावा. खांबाचा नंबर, डीपीच्या पेटीतला फ्यूज, वारा कोणत्या बाजूचा, किती वाजले, सगळे त्याच दिवशी वहीत उतरवा. दुरुस्तीआधी पंचनामा व्हावा असा अर्ज तहसीलदार आणि ठाण्याला द्या, पोच घ्या. उपकेंद्रात फीडर कधी पडला, कधी सुरू केला याची नोंद वहीत असते. दहा रुपयांच्या तिकिटावर, २००५ च्या माहिती अधिकारात, त्या पानाची नक्कल मागा. आग दोन दहाला आणि फीडर दोन आठला पडला असेल, तर सांगायला आणखी काय उरले? आणि पंचांनो, कारणाच्या रकान्यात नुसते ‘शॉर्टसर्किट’ असेल तर सही करू नका. ‘तार झोल पडलेली, फ्यूजच्या जागी जाड तार’ असे डोळ्यांनी दिसले ते लिहून घ्या.

गेल्या पाच वर्षांत ज्यांचे काही जळाले त्या सर्वांनी जिल्हा बैठकीला येताना पंचनाम्याची नक्कल, लोंबत्या तारेबद्दल आधी दिलेल्या अर्जाची पोच आणि वीजबिल घेऊन यावे. नक्कल मिळाली नसेल तर मागितल्याची पोच आणावी. गावनिहाय यादी करून ती विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयात एकदम द्यायची आहे. एकेकट्याने दिलेला अर्ज टोपलीत जातो. यादी लिहून घ्यायला सिंदी मेघेची मंडळी सकाळी नऊपासून मांडवाच्या दाराशी बसलेली असतील.