विश्लेषण : फोनचा व्हिडिओ लॅपटॉपवर का चालत नाही? दोष फाइलचा की परवान्याचा?

घरच्या लग्नाचा व्हिडिओ फोनवर छान दिसतो. तोच लॅपटॉपवर घेतला की आवाज येतो, पण पडदा काळा. कधी कधी तर 'हे एक्स्टेन्शन विकत घ्या' अशी सूचना येते. फाइल खराब झाली असं समजून काही जण ती डिलीटही करतात. प्रत्यक्षात बहुतेक वेळा फाइल ठणठणीत असते.

नोव्हेंबर २०२५मध्ये हा विषय पुन्हा चर्चेत आला. एचपी आणि डेल या कंपन्यांनी आपल्या काही लॅपटॉपमध्ये एका लोकप्रिय व्हिडिओ प्रकारासाठीची सोय बंद ठेवल्याचं समोर आलं. ही सोय प्रोसेसरमध्ये आधीपासून असते. मग ती बंद का केली? आणि व्हीएलसीसारख्या मोफत प्लेअरवर तोच व्हिडिओ कसा चालतो?

'एमपी४' म्हणजे नेमकं काय?

फाइलच्या नावापुढे .एमपी४, .एमकेव्ही किंवा .एमओव्ही लिहिलेलं असतं. बऱ्याच जणांना तोच व्हिडिओचा प्रकार वाटतो. पण तो फक्त डबा आहे, म्हणजे कंटेनर. चित्र, आवाज आणि सबटायटल्स एकत्र ठेवणं एवढंच त्याचं काम. एमकेव्ही म्हणजे 'मात्रोश्का'. हे नाव एकात एक बसणाऱ्या रशियन बाहुल्यांवरून आलं आहे.

डब्याच्या आत चित्र कोणत्या पद्धतीने दाबून बसवलंय, ते 'कोडेक' ठरवतो. एच.२६४, एच.२६५, व्हीपी९ आणि एव्ही१ हे कोडेक आहेत. स्टीलच्या एकसारख्या दोन डब्यांपैकी एकात पोळीभाजी आणि दुसऱ्यात मसालेभात असू शकतो, तसंच हे. दोन्ही फाइल्स एमपी४ असतात, पण एक चालते आणि दुसरी चालत नाही. म्हणूनच नाव बदलून .एमकेव्हीचं .एमपी४ केल्याने काही होत नाही. झाकण बदलतं, आतला पदार्थ तोच राहतो.

एच.२६५मध्ये वेगळं काय आहे?

एच.२६४ हा कोडेक २००३मध्ये आला आणि जवळपास सगळीकडे पोहोचला. २०१३मध्ये एच.२६५ आला. त्याला एचईव्हीसी असंही म्हणतात. तेवढ्याच दर्जाचं चित्र तो साधारण निम्म्या जागेत बसवतो.

आयफोनचंच उदाहरण घ्या. २०१७च्या आयओएस ११पासून त्यात एचईव्हीसी आहे. ॲपलच्या सेटिंगमध्ये दिलेल्या आकड्यांनुसार १०८०पी दर्जाच्या १ मिनिटाच्या व्हिडिओला सुमारे ६० एमबी लागतात. जुन्या पद्धतीने तोच व्हिडिओ सुमारे १३० एमबी होतो. स्टोरेज वाचवण्यासाठी अनेक अँड्रॉइड फोनमध्येही हा पर्याय असतो.

व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने पाठवलेला व्हिडिओ दाबून लहान केला जातो आणि साधारणपणे एच.२६४मध्ये पोहोचतो. त्यामुळे तो कुठेही चालतो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी जाते. दर्जा टिकतो, पण समोरच्याच्या लॅपटॉपवर तो उघडेलच असं नाही.

पैसे कोणाला आणि कशासाठी?

एच.२६५मधलं तंत्र अनेक कंपन्यांच्या पेटंटवर उभं आहे. उपकरण बनवणाऱ्याला त्यासाठी परवाना शुल्क द्यावं लागतं. एच.२६४च्या वेळी हे बरंच सोपं होतं. एकाच मोठ्या संस्थेकडून बहुतेक पेटंटचा एकत्र परवाना मिळायचा. इंटरनेटवर प्रेक्षकांना मोफत दाखवल्या जाणाऱ्या व्हिडिओंवर शुल्क घेणार नाही, असंही त्या संस्थेने २०१०मध्ये जाहीर केलं होतं.

एच.२६५च्या वेळी पेटंटधारक एकत्र राहिले नाहीत. परवाने देणारे ३ वेगवेगळे गट तयार झाले. काही कंपन्या या गटांच्याही बाहेर राहिल्या. एकूण किती पैसे द्यायचे आणि कोणाकोणाला, हा हिशेब उत्पादकांसाठी किचकट झाला.

विंडोजमध्ये दिसणारी 'विकत घ्या' ही सूचना याच हिशेबातून आली. मायक्रोसॉफ्ट एचईव्हीसीचं एक्स्टेन्शन वेगळं विकते. अमेरिकेत त्याची किंमत ९९ सेंट आहे. रक्कम छोटी आहे, पण आपल्याच फोनचा व्हिडिओ बघायला पैसे का, हे साध्या वापरकर्त्याला कोणी समजावून सांगत नाही.

एचपी आणि डेलने काय केलं?

इंटेल आणि एएमडीच्या चिपमध्ये एच.२६५ उलगडण्याची सोय २०१५पासून येऊ लागली. तरीही एचपीच्या काही प्रोबुक आणि एलिटबुक मॉडेल्सच्या माहितीपत्रकात ही सोय 'बंद' असल्याची नोंद आहे. डेलच्या काही साध्या मॉडेल्समध्येही तसंच आहे.

दोन्ही कंपन्यांनी यामागे परवाना शुल्क असल्याचं स्पष्टपणे सांगितलेलं नाही. मात्र वेळ लक्षात घेण्यासारखी आहे. जानेवारी २०२६पासून अमेरिकेत मोठ्या उत्पादकांसाठी एका गटाचा दर प्रत्येक उपकरणामागे २० सेंटवरून २४ सेंट होणार होता. एका लॅपटॉपमागे हे काहीच नाही. लाखो लॅपटॉप विकणाऱ्या कंपनीसाठी मात्र तो मोठा खर्च ठरतो.

याचा फटका ब्राउझरला जास्त बसतो. क्रोमसारखा ब्राउझर एच.२६५साठी मुख्यतः याच हार्डवेअरवर अवलंबून असतो. ते बंद असेल, तर व्हिडिओ दिसतच नाही.

मग व्हीएलसीवर फुकट कसं चालतं?

व्हीएलसीची सुरुवात १९९६मध्ये पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी संस्थेतील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून झाली. २००१मध्ये तो मुक्त स्रोत झाला. आज 'व्हिडिओलॅन' ही ना-नफा संस्था तो सांभाळते. बहुतेक सगळे कोडेक त्यात आधीच भरलेले असतात, त्यामुळे विंडोजकडे काही मागावं लागत नाही. संस्था फ्रान्समध्ये आहे आणि तिथे सॉफ्टवेअर पेटंट लागू होत नाहीत, अशी तिची भूमिका आहे.

मात्र हार्डवेअर बंद असेल, तर सगळं काम प्रोसेसरवर येतं. ४के व्हिडिओ लावल्यावर लॅपटॉप तापतो, पंखा जोरात फिरतो आणि बॅटरी लवकर उतरते.

भारतात व्हीएलसीचा एक वेगळाच किस्सा झाला. २०२२मध्ये त्याची वेबसाइट देशात काही महिने ब्लॉक होती. ऑक्टोबरमध्ये व्हिडिओलॅनने इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनच्या मदतीने सरकारला कायदेशीर नोटीस पाठवली. नोव्हेंबरमध्ये बंदी उठली. अधिकृत साइट बंद झाली की लोक भलत्याच साइटवरून सॉफ्टवेअर घेतात, हा धोका त्या वेळी प्रकर्षाने मांडला गेला.

एव्ही१ हे उत्तर आहे का?

परवान्याच्या या गुंत्यातून सुटण्यासाठी गूगल, नेटफ्लिक्स, ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट, मोझिला, इंटेल आणि सिस्को २०१५मध्ये एकत्र आले. त्यांनी २०१८मध्ये एव्ही१ हा शुल्कमुक्त कोडेक आणला. यूट्यूब आणि नेटफ्लिक्स तो वापरतात. आयफोन १५ प्रोपासून ॲपलच्या फोनमध्येही तो उलगडणारं हार्डवेअर आहे.

पण दोन अडचणी आहेत. एव्ही१मध्ये व्हिडिओ तयार करणं जड काम आहे, त्यामुळे फोनचे कॅमेरे अजून प्रामुख्याने एच.२६४ आणि एच.२६५वरच आहेत. शिवाय एव्ही१वरही आपली पेटंट असल्याचा दावा करणारा गट पुढे आला आहे. त्यामुळे वाद पूर्ण मिटलेला नाही.

तुम्ही काय करावं?

• व्हिडिओ चालला नाही म्हणून डिलीट करू नका. आधी व्हीएलसीत उघडून बघा.

• 'कोडेक पॅक' देणाऱ्या अनोळखी साइटपासून लांब राहा. अशा नावाखाली मालवेअर येऊ शकतं. प्लेअर अधिकृत साइट किंवा ॲप स्टोअरवरूनच घ्या.

• व्हिडिओ इतरांना द्यायचा असेल, तर आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये 'फॉरमॅट्स'खाली 'मोस्ट कॉम्पॅटिबल' निवडा. जागा जास्त लागेल, पण तो बहुतेक ठिकाणी चालेल.

• जुना व्हिडिओ बदलायचा असेल, तर हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर आहे. प्रत्येक वेळी रूपांतर करताना दर्जा थोडा उतरतो, म्हणून मूळ फाइल जपून ठेवा.

• नवा लॅपटॉप घेताना रॅम आणि स्टोरेजसोबत माहितीपत्रकात 'एचईव्हीसी' हा शब्दही शोधा. प्रोसेसर नवा आहे म्हणजे सोय चालू आहे, असं आता गृहीत धरता येत नाही.