तुरटी आणि टीसीएलच्या पलीकडे

ग्रामीण महाराष्ट्रात पाण्याच्या शुद्धतेची कसोटी आजही मुख्यतः जंतूंभोवती फिरते. तुरटीने गढूळपणा बसला आणि टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर पडली की पाणी पिण्यायोग्य झाले, असे गृहीत धरले जाते. पटकी आणि गॅस्ट्रोच्या साथी पाहता ही दक्षता आवश्यकच आहे. परंतु नायट्रेट आणि त्यापासून तयार होणारे नायट्राइट ही नत्राची विरघळलेली रूपे पाण्याचा रंग किंवा वास बदलत नाहीत, त्यामुळे ती या कसोटीतून सहज निसटतात. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालानुसार राज्यातील सुमारे ३६ टक्के भूजल नमुन्यांत नायट्रेट मर्यादेपेक्षा अधिक आढळले असून वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव आणि यवतमाळ हे जिल्हे विशेष चिंतेचे ठरले आहेत.

तोंडातील आणि आतड्यांतील जीवाणू नायट्रेटचे नायट्राइटमध्ये रूपांतर करतात, आणि हे नायट्राइट रक्तातील हिमोग्लोबिनचे मेटहिमोग्लोबिन करते, म्हणजे पेशींपर्यंत प्राणवायू पोहोचवू न शकणारे रूप. दूषित पाण्यात कालवलेले वरचे दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांची त्वचा यामुळे निळसर पडते. अमेरिकेतील आयोवा राज्यात डॉ. हंटर कॉम्ली यांनी विहिरीच्या पाण्याशी असलेला हा संबंध १९४५ मध्येच दाखवून दिला होता. पाणी उकळल्याने तर केवळ वाफ निघून जाते आणि मागे उरलेल्या पाण्यात नायट्रेटचे प्रमाण वाढते, हे ‘पाणी उकळून प्या’ असे सांगणाऱ्या यंत्रणेने लोकांना स्पष्ट करायला हवे.

या दूषणाचे मूळ पिकांनी न शोषलेल्या युरियात, विहिरीलगतच्या उकिरड्यांत, तसेच शोषखड्ड्यांतून आणि उघड्या गटारांतून झिरपणाऱ्या सांडपाण्यात आहे. हा धोका असूनही भारतीय मानक ब्युरोचे पेयजल मानक नायट्रेटसाठी लिटरमागे ४५ मिलिग्रॅमची मर्यादा घालते आणि नायट्राइटबाबत मौन पाळते, तर बाटलीबंद पाण्यासाठी याच संस्थेने लिटरमागे ०.०२ मिलिग्रॅमची कठोर नायट्राइट मर्यादा ठरवली आहे. जागतिक आरोग्य संघटनेची नायट्राइटसाठीची मार्गदर्शक मर्यादा लिटरमागे ३ मिलिग्रॅम आहे. विकत घेतलेल्या पाण्याला एक न्याय आणि गावच्या नळाला दुसरा, ही विसंगती दूर व्हायलाच हवी.

नायट्रेट काढून टाकणारी आरओ संयंत्रे हा तातडीचा उपाय असला तरी त्यांतून बाहेर पडणाऱ्या खारट सांडपाण्यात तेच नायट्रेट असल्याने ते पुन्हा त्याच जमिनीत मुरते. म्हणून मानकात नायट्राइटचा समावेश करणे, पावसाळ्यापूर्वी आणि नंतर प्रत्येक सार्वजनिक स्रोताची तपासणी करून तिचे आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावणे, शोषखड्डे आणि उकिरडे विहिरींपासून दूर नेणे, आणि माती परीक्षणानुसारच युरिया देण्याची शिस्त शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवणे, ही चारही कामे एकत्रच हाती घ्यावी लागतील. घरोघरी नळ पोहोचवणारी योजना ज्या विहिरीतून पाणी उचलते, त्या विहिरीभोवतीची जमीन राखणे हाही त्या योजनेचाच भाग मानला गेला पाहिजे.