बॉक्स मोजू नका, वाजवणारा बघा

तुळशीची लग्ने लागली की आमच्या मुरगूड गट ऑफिसात दोन प्रकारची गर्दी सुरू होते. एक तोडणी प्रोग्रॅमची आणि दुसरी लग्नपत्रिकांची. पुष्कळदा दोन्ही कामे घेऊन येणारा सभासद एकच असतो. "साहेब, माघात लेकीचं लगीन धरलंय, तेवढी तोड अलीकडं घ्या," असे म्हणत तो पत्रिका टेबलावर ठेवतो. त्यात गैर काही नाही. उसाच्या बिलावर घरचे कार्य उभे करायचे ही आपल्या भागाची रीतच आहे. तोड मात्र लागणीच्या तारखेप्रमाणेच येणार, हे आम्ही त्यालाही सांगतो आणि इथेही सांगून ठेवतो. पण अलीकडे पत्रिकेबरोबर आणखी एक प्रश्न येऊ लागला आहे. "साहेब, रिसेप्शनला डीजे कुणाचा सांगावा?" प्रश्न आमच्या खात्याचा नाही. तरी तो इतक्या वेळा आला, की त्यावर चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटले.

पहिली गोष्ट, निवड कशी होते ते बघा. घरातली पोरे मोबाईलवर कुठल्यातरी वरातीचा व्हिडिओ दाखवतात. त्यात बॉक्सची भिंत, वर फिरते दिवे आणि धूर. मग बेस किती, टॉप किती, याची मोजदाद होते. शेजारच्या गावात चार बेस लावले होते म्हणून आपल्याकडे सहा. सुपारी दिली जाते आणि वाजवायला येणारा माणूस कोण आहे, हे कार्यादिवशी संध्याकाळी कळते.

सभासद बंधूंनो, बेणे निवडताना आपण असे करतो का? शेजाऱ्याच्या बांधावरून ऊस उंच दिसला म्हणून कोणी टिपरी तोडून आणत नाही. बेणे दहा-अकरा महिन्यांचे आहे का, डोळे फुगीर आहेत का, प्लॉटात काणी किंवा गवताळ वाढ आहे का, हे आपण सरीत शिरून बघतो. मग लेकीच्या लग्नात तीन तास शे-पाचशे पाव्हण्यांना ज्याच्या हवाली करायचे, त्या माणसाला एकदा तरी आधी बघायला नको?

आपल्याकडे या भिंतीला 'डॉल्बी' म्हणतात. हे नाव कुठून आले ते ऐकण्यासारखे आहे. रे डॉल्बी नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १९६५ साली लंडनमध्ये आपली कंपनी काढली, ती टेपवरच्या ध्वनिमुद्रणातली खरखर घालवण्याच्या युक्तीसाठी. म्हणजे ज्याने आवाजातला गोंगाट कमी केला, त्याचेच नाव आपण गोंगाटाला देऊन बसलो. डीजे या शब्दाचेही तसेच. डिस्क म्हणजे तबकडी आणि जॉकी म्हणजे शर्यतीच्या घोड्यावरचा स्वार. अमेरिकेत १९३० च्या दशकात रेडिओवर तबकड्या लावणाऱ्या निवेदकांना हे नाव पडले. आपल्या वडीलधाऱ्यांनीही असा एक माणूस ऐकला आहे. १९५२ पासून रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सादर करणारे अमीन सयानी. गावात एखाद-दुसरा रेडिओ असायचा आणि त्याच्याभोवती माणसे गोळा व्हायची. सयानींकडे बेस नव्हते की टॉप नव्हते. कुठले गाणे कधी लावायचे आणि त्याच्या आधी काय बोलायचे, एवढीच त्यांची कला. लगाम हातात असणे म्हणजे काय, ते त्यात दिसते.

लांब कशाला जायचे? आपल्या कुस्तीच्या मैदानातला हलगीवाला आठवा. जोड लागली की त्याची नजर पैलवानांवरून हलत नाही. खडाखडी चालू आहे तोवर हात सावकाश. पकड बसली की हलगी चढते, कैताळ आणि घुमकं तिच्या मागे धावतात आणि बसलेला माणूस आपोआप गुडघ्यावर येतो. कुस्ती निकाली झाली की पुन्हा खाली. लेझमाच्या पोरांपुढेही तेच, तो पोरांच्या पायाकडे बघून वाजवतो. चांगला डीजे नेमके हेच करतो, फक्त हातात चामड्याऐवजी मिक्सर असतो. समोरच्या माणसांकडे बघून वाजवणे हा या धंद्याचा गाभा आहे, मग यंत्र कुठलेही असो. (एक बाजूला सांगायचे म्हणजे, 'जुनं ते सोनं, हलगी परत आणा' असे म्हणणाऱ्यांनी हेही आठवावे, की हलगी वाजवणारा बहुधा गावकुसाबाहेरचा असे आणि त्याची पंगत मंडपाबाहेर सर्वांत शेवटी बसे. हलगी जरूर सांगा, पण त्या कलाकाराला पाव्हण्यांच्या पंगतीत बसवा.)

डीजे बंद करा म्हणणाऱ्यांतले आम्ही नाही. पोरे नाचणारच, आणि नाचावे. शिवाय हा धंदा करणारी मुलेही परकी नाहीत. गुंठेवारीत जमीन गेलेल्या, बँकेचे कर्ज काढून मिक्सर घेतलेल्या आपल्याच सभासदांची ती मुले आहेत. त्यांतली काही खरोखर गुणी आहेत. पण बॉक्स मोजणाऱ्या गिऱ्हाइकाने त्यांना बॉक्सच विकत घ्यायला लावले, गुणाला विचारलेच नाही.

मग बघायचे काय? ज्याचा विचार करताय त्याचे दुसरे एखादे कार्य चालू असताना अर्धा तास जाऊन यावे. मुरगूड, निढोरी, यमगे, भडगाव, कुठेतरी लग्न असतेच. निपाणीकडच्या पाव्हण्यांकडेही असते. नाचणाऱ्यांत उभे राहू नका. मागे, जिथे म्हाताऱ्या बायका बसल्यात तिथे उभे राहा. त्यांना एकमेकींशी बोलता येते का बघा. वाजवणारा समोर बघतो की मोबाईलमध्ये डोके घालून बसलाय, ते बघा. नवरा-नवरी स्टेजवर आली, आहेर सुरू झाला, पंगत बसली, अशा वेळी आवाज कोणी न सांगता खाली येतो का? आणि सर्वांत मोठी परीक्षा म्हणजे चार 'बसून आलेले' पाव्हणे त्याच्या टेबलाभोवती गोळा होऊन "ह्येच गाणं लाव" म्हणतात, तेव्हा तो काय करतो. हसून, वेळ काढून, दुसरे गाणे लावून जो त्यांना वाटेला लावतो, त्याला सुपारी द्या. जो घाबरून लावतो किंवा भांडतो, त्याच्याकडे बॉक्स कितीही असोत, उपयोग नाही. आपल्या कागल तालुक्यात गटातटाचे आम्ही सांगायला नको. एखाद्या गटाचे, नेत्याचे किंवा समाजाचे गाणे मुद्दाम लावायला सांगून लग्नात खुन्नस काढली जाते आणि रिसेप्शनचे पोलिस ठाणे होते. अशी गाणी लावायची नाहीत, हे सुपारी देतानाच ठरले पाहिजे.

गाण्यांची यादी नवरा-नवरीकडून घ्यावी, आणि विशेष करून मुलीकडून. बहुतेक घरांत डीजे ठरवतात मुलाचे मित्र, पैसे देतो बाप, आणि जिचे लग्न आहे तिला कोणी विचारतच नाही. बायकांना नाचायचे असते, पण पुढची जागा गड्यांनी अडवलेली असते. शहाणा डीजे अर्धा तास बायकांसाठी राखतो आणि तसे माईकवरून जाहीर करतो. हे ठरवताना सांगितले तर होते, आयत्या वेळी होत नाही.

आता आवाजाचे. डेसिबलचे माप आपल्या काट्यासारखे सरळ नाही. १० डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची शक्ती दहापट झाली. ८५ डेसिबलमध्ये आठ तास काम करणे ही कानाची मर्यादा धरतात, आणि पुढे दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. या हिशेबाने १०० डेसिबलपुढे पंधरा मिनिटेच उरतात. मिल हाऊससारख्या ठिकाणी कामगाराने कानाला संरक्षण लावावे म्हणून आपण आग्रह धरतो, आणि तान्हे पोर मांडीवर घेऊन बाळंतिणीला भिंतीसमोरच्या खुर्चीवर बसवतो! मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण ६ डेसिबल उतरतो. पत्र्याच्या मंडपात तो उतरत नाही, घुमतो. म्हणून कार्यालय पत्र्याचे असेल तर एका बाजूला भिंत उभी करण्यापेक्षा चार कोपऱ्यांत चार लहान स्पीकर बेताच्या आवाजात लावायला सांगा. गाणे सगळ्यांना ऐकू येते आणि बोलणेही चालू राहते. हे ऐकून जो डीजे "तसं जमत नाही" म्हणेल, त्याला आपले काम कळत नाही असे समजावे.

कायदाही माहीत असू द्या. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे लाऊडस्पीकरला लेखी परवानगी लागते. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर वाजवता येत नाही. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र असू शकते. वस्तीत दिवसाची मर्यादा ५५ आणि रात्रीची ४५ डेसिबल आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ मध्ये हे सगळे ठामपणे बजावले. वर्षातले थोडे दिवस सणासुदीला रात्री १२ पर्यंत सूट देण्याचा अधिकार सरकारला आहे, पण तुमच्या-आमच्या घरचे लग्न त्यात बसत नाही. लेसरचे दिवे तर नकोच. २०२२ आणि २०२३ च्या गणेश मिरवणुकांनंतर डोळ्याच्या पडद्याला इजा झालेले तरुण आपल्या राज्यात डॉक्टरांकडे गेले. वरातीला ट्रॉलीवर बॉक्स रचायचे असतील तर उंचीचा विचार करा. ऑगस्ट २०२४ मध्ये बिहारात हाजीपूरजवळ अशीच डीजेची गाडी विजेच्या तारेला लागून किमान आठ माणसे गेली. जादा भरलेली उसाची ट्रॉली तारेला लागली की काय होते, हे तुम्हांला वेगळे सांगायची गरज नाही.

पण आम्हांला खरी जी गोष्ट टोचते ती वेगळीच आहे. लग्नसराई आणि गाळप हंगाम एकाच वेळी चालतात. बीडकडून आलेल्या टोळ्या गावाच्या कडेला, बहुधा कार्यालयांच्या मागच्या पडीक जागेत, खोप्या घालून राहतात. ती माणसे पहाटे काळोखात कोयता घेऊन तुमच्याच फडात उतरणार असतात. त्यांच्या खोपीला पाचटाची भिंत. बेसचा दणका अंगणात नव्हे, उशाखाली वाजतो. दावणीचे बैल रात्रभर बसत नाहीत. दुसऱ्या दिवशी गाडी फडातून वर काढताना बैल गुडघे टेकतात, आणि आपण टोळीवर ओरडतो की आज टनेज का कमी! फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावी-दहावीच्या परीक्षा असतात, ती पोरे तर आपल्याच घरातली. या लोकांना लग्नाची पत्रिका नसते, आवाज मात्र सगळा पोचतो.

खर्चाचेही एकदा उसाच्या मापात बोलू. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये एफआरपी ठरवली. त्यातून तोडणी-वाहतूक जाते. समजा हातात टनाला तीन हजार पडले आणि डीजेचा सौदा एकोणचाळीस हजारांना झाला, तर तो तेरा टन ऊस झाला. एकरी चाळीस टन उतारा म्हणजे गुंठ्याला एक टन. म्हणजे तेरा गुंठ्यांचे वर्षभराचे पीक तीन तासांत वाजून गेले, आणि त्यातला खत-पाणी, भांगलणीचा खर्च आपण अजून धरलेलाच नाही. तेरा गुंठे वाजवू नका असे आम्ही म्हणत नाही, हौसेला मोल नसते. पण बॉक्स कमी केले तर पैसे वाचतात, आणि त्यातले थोडे वाजवणाऱ्याला जास्त दिले तर तो मनापासून वाजवतो. अर्धी रक्कम इसार आणि अर्धी कार्य उरकल्यावर, असा व्यवहार ठेवावा. पाव्हणे निघून गेल्यावर त्या पोराला उरलेल्या पैशासाठी चार खेटे घालायला लावणे हेही बरे नव्हे. आमच्या कानावर अशा तक्रारी येतात.

सौदा कागदावर करा, साधा वहीचा कागद चालेल. किती वाजता सुरू, किती वाजता बंद, बॉक्स किती आणि तोंड कुठल्या दिशेला, जनरेटर कोणाचा, कोणती गाणी नकोत, आणि आवाज कमी कर म्हणायचा अधिकार कोणाला. हा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. दहाजणांनी सांगायचे म्हटले की डीजे कोणाचेच ऐकत नाही. मुलीच्या मामाचे नाव लिहा. मामा शक्यतो न पिणारा आणि पोरांना ज्याचा धाक आहे असा असावा. त्याची आणि डीजेची ओळख कार्याच्या आदल्या दिवशीच करून द्यावी, कार्यालयात जागेवर उभे राहून बॉक्स कुठे लागणार ते दोघांनी ठरवावे, आणि मागच्या बाजूला टोळी उतरली असेल तर मुकादमाला आधी जाऊन सांगून यावे, की उद्या दहापर्यंत आवाज होईल, त्यानंतर नाही.