दोन इंच कमी पडलेला खेळाडू

माझा भाचा न्यू जर्सीत नोकरीला आहे. क्रिकेटचं वेड इथेच ठेवून गेला आणि तिथे अमेरिकन फुटबॉलच्या नादी लागला. दर वर्षी एप्रिल जवळ आला की मला व्हिडिओ पाठवतो आणि विचारतो, "मामू, तुम्ही मास्तर आहात. सांगा, या पोराला घ्यायचं की नाही?" सुरुवातीला मी हसण्यावारी नेलं. उर्दू शाळेत मराठी शिकवणाऱ्या माणसाला यातलं काय कळणार? पण बघता बघता लक्षात आलं की प्रश्न माझ्याच धंद्यातला आहे.

आधी थोडं समजावून सांगतो. अमेरिकेत ३२ व्यावसायिक संघ आहेत. कॉलेजातून बाहेर पडणारे खेळाडू ते वसंत ऋतूत पाळीपाळीने निवडतात. मागच्या हंगामात जो सर्वांत कमजोर, त्याची पाळी पहिली. याला ड्राफ्ट म्हणतात. त्याआधी, फेब्रुवारीच्या शेवटी, इंडियानापोलिस शहरात निवडक मुलांना बोलावून त्यांची उंची, वजन, हाताची लांबी मोजतात, पळवतात, उड्या मारायला लावतात, वजनं उचलायला लावतात. शेकडो परीक्षक कागद घेऊन बसलेले असतात. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला बकरी ईदच्या आधीचा बाजार आठवला. दात बघ, पाठ चाचप, वजन कर. हे मी एकटाच म्हणतो असं नाही. तिथेही पुष्कळ लोकांना हा प्रकार खटकतो, कारण मोजून घेणाऱ्या मुलांत बहुसंख्य कृष्णवर्णीय असतात.

डिफेन्सिव्ह टॅकल म्हणजे बचावाच्या फळीत अगदी मध्ये उभा राहणारा धिप्पाड गडी. समोरच्या संघाची भिंत फोडून चेंडू फेकणाऱ्यापर्यंत पोहोचायचं, नाहीतर दोन-दोन माणसांचा भार अंगावर घेऊन जागा सोडायची नाही, हे त्याचं काम. सव्वासहा फूट उंची आणि १३५ किलोंच्या वर वजन असलं म्हणजे परीक्षक खूश.

२०१४ साली पिट्सबर्ग विद्यापीठातून ॲरन डोनाल्ड नावाचा मुलगा आला. उंची जेमतेम सहा फूट एक इंच, वजन १२९ किलो. कॉलेजच्या शेवटच्या हंगामात त्याने चेंडू फेकणाऱ्याला ११ वेळा आडवं केलं होतं आणि बचावपटूंसाठी असलेले देशातले मोठे पुरस्कार ओळीने घरी नेले होते. तरी बोलणं एकच, लहान आहे, व्यावसायिक खेळात चिरडला जाईल. इंडियानापोलिसला त्याने ४० यार्ड ४.६८ सेकंदांत पार केले आणि १०२ किलोंची वजनं ३५ वेळा छातीवरून वर ढकलली. पण उंची काही वाढली नाही. तो तेराव्या क्रमांकावर गेला. सेंट लुईसच्या रॅम्स संघाने त्याला घेतलं. त्याच रॅम्सनी त्याच दिवशी दुसऱ्या क्रमांकावर ग्रेग रॉबिन्सन नावाचा आडदांड गडी आधी घेतला होता. तीन वर्षांनी त्याला दुसऱ्या संघाकडे देऊन टाकलं. डोनाल्ड तीन वेळा साऱ्या लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. २०२२ च्या सुपर बोलमध्ये शेवटच्या क्षणी सिनसिनाटीच्या बरोला पकडून सामना संपवला तो त्यानेच. दहा हंगाम खेळून २०२४ मध्ये थांबला.

इथे पंतोजीपणा करून "बघा, मोजमाप सगळं खोटं" असं म्हणणं सोपं आहे. मी म्हणणार नाही. डोनाल्डच्या आधी गेलेल्या बारा जणांत खलील मॅक होता, माइक एव्हान्स होता. त्यांना निवडणारे काही आंधळे नव्हते. शिवाय २०१२ साली मेम्फिसचा डॉन्टारी पो आला होता. १५७ किलोंचा माणूस ४० यार्ड पाच सेकंदांच्या आत पळाला. मैदानावरची त्याची कामगिरी बेताची, म्हणून पुष्कळांनी नाकं मुरडली, हा नुसता मोजपट्टीचा हिरो आहे म्हणाले. तो अकराव्या क्रमांकावर गेला आणि पुढे दोनदा प्रो बोलसाठी निवडला गेला. तिथे मोजपट्टी बरोबर निघाली. आणि लहान चणीचे जे शेकडो टॅकल खरोखरच चिरडले गेले, त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही. एका डोनाल्डवरून नियम काढणारा माणूस लॉटरी लागलेल्या शेजाऱ्याला बघून तिकीट घेणाऱ्यासारखाच.

बी.एड.ला आम्हाला मूल्यमापनात दोन शब्द पाठ करायला लावले होते, विश्वसनीयता आणि सप्रमाणता. परीक्षेपुरते पाठ केले आणि विसरलो. ते खरे कळले या खेळामुळे. फूटपट्टी विश्वसनीय आहे. दहा वेळा मोजा, सहा फूट एक इंचच येईल. पण जे मोजायचं होतं तेच तिने मोजलं का? या जागेवर झोंबाझोंबीत खाली वाकलेला माणूस जिंकतो. ज्याचा खांदा समोरच्याच्या खांद्याखाली शिरला त्याचा जोर लागतो. उंच माणसाला त्यासाठी मुद्दाम वाकावं लागतं आणि दमला की तो सरळ होतो. डोनाल्ड मुळातच खाली होता. ज्याला दोष म्हणून लिहिलं, त्यात निम्मं त्याचं बळ होतं. ते दिसायला मोजपट्टी नको, सामने बघायला हवेत. चेंडू हलल्यावर पहिलं पाऊल कोणाचं पडतं, दोघं अंगावर आले की पाय मागे सरकतात का, हात नुसते ढकलतात की समोरच्याचे हात झटकून टाकतात, शेवटच्या पावतासात श्वास उरतो का. आणि समोर कोण होतं? दुबळ्या संघाविरुद्ध सगळेच वाघ.

याच लीगमध्ये कित्येक वर्षं या मुलांना १२ मिनिटांत ५० प्रश्नांची बुद्धिमत्ता चाचणीही द्यावी लागत असे. २०२२ मध्ये ती बंद केली. ती वाचून मी भाच्याला म्हणालो, तुमचे लोक आमच्यापेक्षा लवकर शहाणे झाले.

आता माझं. काही वर्षांपूर्वी आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेसाठी मला नववीतला एक मुलगा निवडायचा होता. दोघे होते. एकाचा ळ आणि ण अगदी स्वच्छ, पुण्यात जन्मल्यासारखा. दुसऱ्याच्या तोंडी 'शाळा'चं 'शाला' व्हायचं, जसं आमच्या घराघरांत होतं, माझ्या अम्मीचंही होत असे. पण वर्गात वाद निघाला की तोच सर्वांना पुरून उरायचा. मी पहिल्याला पाठवलं. भाषण त्याने पाठ केलेलं, एक शब्द चुकला नाही. मग परीक्षकांनी साधा प्रश्न विचारला, मुलींच्या शिक्षणाबद्दल तू जे बोललास ते तुझ्या मोहल्ल्यात कसं घडवशील? मुलगा गप्प. मी मागे दुसऱ्या मुलाजवळ बसलो होतो. तो पुटपुटला, "सर, आधी संध्याकाळचा नळ वेळेवर आला पाहिजे, मग बहिणीला अभ्यासाला वेळ मिळेल." प्रश्नाचं याहून चांगलं उत्तर मला आजही सुचत नाही.

त्याच्या प्रगतिपुस्तकात मी काय लिहिलं होतं? "उच्चार सुधारणे आवश्यक." खोटं नव्हतं. पण तेवढंच लिहिलं होतं. पुढच्या वर्षी मी स्वतः त्याला विचारायला गेलो, तर म्हणाला, "नको सर, माझं मराठी चांगलं नाही." मी खूप समजावलं. त्याने नाव दिलं नाही.

तेव्हापासून निवड करताना मी आधी प्रश्न विचारतो, वाचन शेवटी घेतो. उच्चाराला गुण आहेतच, ते सोडलेले नाहीत. स्पर्धेतले परीक्षक ळ ऐकतात आणि मुलाला तिथे उभं राहायचं असतं, हे मी विसरू शकत नाही.

परवा भाच्याचा पुन्हा व्हिडिओ आला. याही पोराचे हात आखूड आहेत म्हणे. मी त्याला लिहिलं, मोजमाप राहू दे, मला त्याच्या हरलेल्या सामन्याचा शेवटचा पावतास पाठव.