उसाचा भाव खर्च की नफा? एकदाच काय ते ठरवा

पोस्ट जरा लांब आहे, पण ऊस घालणाऱ्याने तरी शेवटपर्यंत वाचा.

२०२३ च्या बजेटमध्ये निर्मला सीतारामन यांनी सहकारी साखर कारखान्यांना जवळपास १०,००० कोटींचा दिलासा जाहीर केला. लगेच आभाराचे फ्लेक्स लागले. ‘इन्कम टॅक्स माफ केला’ असं आजही भाषणात ठोकून सांगतात. माफ? माफी गुन्ह्याला असते. इथे गुन्हा काय होता, तर शेतकऱ्याला उसाचे चार पैसे जास्त दिले!

भांडण मुळात सोपं आहे. साखर कारखान्याचा कच्चा माल ऊस. त्याची किंमत हा खर्च, तो उत्पन्नातून वजा करायचा आणि उरलेल्यावर टॅक्स भरायचा. किराणा दुकानदारही हेच करतो. पण केंद्र सरकार तेव्हा उसाचा किमान भाव ठरवायचं, एसएमपी. (२००९ नंतर त्याची एफआरपी झाली.) आपले कारखाने त्यापेक्षा जास्त द्यायचे, आणि अंतिम दर हंगाम संपल्यावर, हिशेब बघून ठरायचा. इन्कम टॅक्सवाले म्हणाले, एसएमपीपर्यंतचा खर्च मान्य. त्यावरचे पैसे म्हणजे सभासदांना वाटलेला नफा, त्यावर टॅक्स काढा.

मग सुरू झाली वारी. अधिकाऱ्याची ऑर्डर, आयुक्तांकडे अपील, तिथून ट्रायब्युनल, हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट. शहाद्याच्या सातपुडा तापी कारखान्याचं प्रकरण सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये फेरविचारासाठी खाली पाठवलं. मार्च २०१९ मध्ये तासगाव कारखान्याच्या प्रकरणात कोर्टाने मधला रस्ता काढला. एसएमपीच्या वरचा सगळा पैसा नफा नाही आणि सगळा खर्चही नाही. ऊस नियंत्रण आदेशाच्या ५अ कलमाप्रमाणे दर ठरताना त्यात नफ्यातला वाटा किती धरला होता, तेवढाच बाजूला काढा, बाकीचा खर्च माना. आणि हे तपासायला फायली परत अधिकाऱ्याच्या टेबलावर! वकिलांची फी कुणाच्या खिशातून गेली, सांगायची गरज आहे का?

माझ्या मते डिपार्टमेंटचं मूळ धोरणच आडमुठं होतं. शेजारचा कारखाना जास्त भाव देत असेल तर याला द्यावाच लागतो, नाहीतर ऊस तिकडे जातो. हा धंद्याचा खर्च नाही तर काय? शिवाय बिगरसभासदाने घातलेल्या उसालाही दर तोच. ज्याचा शेअरच नाही त्याला नफा कसा वाटला म्हणायचं? हा प्रश्न डोकं ठिकाणावर असलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी पडायला हवा होता.

पण आता दुसरी बाजू. काहींना राग येईल, येऊ दे.

कोर्टात कारखान्यांचं म्हणणं काय? हा उसाचा भाव आहे, कच्च्या मालाची किंमत, शंभर टक्के खर्च. आणि गावात, स्टेजवर, दिवाळीच्या तोंडावर तोच पैसा काय होतो? ‘साहेबांनी सभासदांची दिवाळी गोड केली.’ अहो, पैसा तोच ना? जजसमोर किंमत आणि शेतकऱ्यासमोर बक्षीस? किंमत असेल तर ती हक्काची आहे, उशीर झाला तर जाब विचारता येतो. एफआरपी १४ दिवसांत दिली नाही तर १५ टक्के व्याज द्या, असं कायदा सांगतो. बक्षिसावर व्याज कोण मागणार? म्हणून तर हा शब्दांचा खेळ. कारखान्याला वजावट पाहिजे, शेतकऱ्याच्या बिलात मात्र कपात.

बरं, कायदा बदलला तोही दोन हप्त्यांत. २०१५ च्या फायनान्स ॲक्टने सरकारने ठरवलेल्या किंवा मंजूर केलेल्या दरापर्यंतचा ऊसभाव खर्च म्हणून मान्य केला, पण लागू २०१६-१७ या कर आकारणी वर्षापासून. मागची वर्षं लटकली ती लटकलीच. त्यांच्यासाठी २०२३ उजाडावं लागलं. जे आठ वर्षांपूर्वी एका ओळीत झालं असतं, त्याचे आभार आता मानायचे! आणि टांगती तलवार जितकी जास्त दिवस लटकते, तितके चेअरमन लोक दिल्ली-मुंबईत नम्र राहतात. यापेक्षा जास्त लिहीत नाही, तुम्ही सुज्ञ आहात.

आता कामाचं. २०२३ ची दुरुस्ती आपोआप लागू होत नाही. कारखान्याने अधिकाऱ्याकडे अर्ज केला पाहिजे, मग जुन्या वर्षांचं उत्पन्न पुन्हा मोजलं जातं. म्हणून या वेळच्या वार्षिक सभेत चहा-पोहे झाले की उठून जाऊ नका. विचारा, आपल्या कारखान्यावर प्राप्तिकराची मागणी किती होती? अर्ज कधी केला? जुना टॅक्स भरला असेल तर परतावा किती आला आणि तो कुठल्या खात्यात गेला? ताळेबंदात या वादासाठी तरतूद केली होती का, आणि ती आता कुठे वळवली? अहवालात मागच्या पानांवर ‘संभाव्य देणी’ असं बारीक अक्षरात छापलेलं असतं, तिथून सुरुवात करा. प्रश्न आधीच लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी विचारलं की माईक बंद पडतो, हा आपल्या भागातला जुना अनुभव आहे.

उत्तरं मिळाली तर इनबॉक्समध्ये पाठवा. कारखान्याच्या नावासकट छापतो.