‘तो तसलाच आहे’ हा पुरावा नव्हे

एखादा गुन्हा घडला की आपल्या ग्रुपवर दोन वाक्यं हमखास येतात. ‘तो तसलाच आहे, आधीच्या चार केसेस आहेत त्याच्यावर.’ आणि ‘अख्ख्या गल्लीला माहितीये हो!’ पुढे आरोपी सुटला की न्यायाधीशांच्या नावाने शिमगा.

कायदा ही दोन्ही वाक्यं सहसा दारातच अडवतो, आणि माझ्या मते बरोबर करतो. हे नियम १८७२ च्या पुरावा कायद्यात होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, त्यातही आहेत. कलम ५५ सांगतं, पाहिलेल्या गोष्टीची साक्ष जिने पाहिली त्या व्यक्तीनेच द्यायची. कलम ४९ प्रमाणे आरोपीचं वाईट चारित्र्य गैरलागू. त्याने आपल्या चांगुलपणाचा पुरावा दिला, तरच सरकारी पक्षाला त्याला उत्तर म्हणून ते काढता येतं.

कारण साधं आहे. ‘शेजारीण म्हणाली’ असं सांगणाऱ्याची उलटतपासणी करून काय हाती लागणार? उजेड किती होता, जुनं भांडण होतं का, हे त्या शेजारणीलाच विचारायला हवं. आणि जुन्या चोरीवरून नवी चोरी सिद्ध व्हायला लागली, तर तपास कोण करेल? यादीतलं एक नाव उचललं की काम झालं. खरा चोर मोकळाच! जुनं रेकॉर्ड अगदी वाया जातं असंही नाही. जामिनाच्या वेळी कोर्ट ते बघतंच.

‘मग मेलेल्या मुलीने माहेरी सांगितलेलं वाया?’ नाही. मृत्यूचं कारण किंवा त्यामागची परिस्थिती याबद्दल ती जे बोलली-लिहिली, ते कलम २६ खाली ग्राह्य धरता येतं. पुण्यातल्या एका विवाहितेने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली अशीच विचारात घेतली. तरीही पती निर्दोष सुटला. पुरावा चालणं वेगळं, पुरणं वेगळं.

मला खटकतं ते हे, की ‘अख्ख्या गल्लीला’ माहीत असतं, पण ज्याने डोळ्यांनी पाहिलं तो समन्स घ्यायला घरी सापडत नाही. तारखा पडतात, रजा बुडते, धमक्याही येतात, सगळं मान्य. पण साक्षीदारच आला नाही, तर न्यायाधीशांनी निकाल काय गल्लीतल्या चर्चेवर द्यायचा?

पाहिलं असेल तर पिंजऱ्यात उभं राहून सांगा. नुसतं ऐकलं असेल, तर फॉरवर्ड करण्याआधी थांबा.